नांगर न टाकता थांबलेली होडी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याला 'दहा हजार तळ्यांचा प्रदेश' म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तेथील कुटुंबे छोट्या होड्या घेऊन गळाने मासे धरायला बाहेर पडतात. मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आपल्याकडचे आईवडीलही कधी हौसेने या होडीत बसतात. तळ्याच्या मध्यावर मोठे इंजिन बंद होते. कुणी नांगर टाकत नाही, वल्हे हाती घेत नाही. तरीही भर वाऱ्यात होडी जागची हलत नाही. नवख्या माणसाला हा चमत्कारच वाटतो.

हा चमत्कार नव्हे, होडीच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या विजेच्या छोट्या मोटरची ही करामत आहे. तिला 'ट्रोलिंग मोटर' म्हणतात. १९३४ साली नॉर्थ डकोटातील फार्गो येथे ओ. जी. श्मिट यांनी मोटारगाडीच्या स्टार्टरपासून अशी मोटर तयार केली. मिनेसोटा आणि डकोटा या नावांवरून तिला 'मिन कोटा' हे नाव पडले.

पण ही मोटर हाताने किंवा पायाने सांभाळावी लागे. मासे बहुधा पाण्याखालच्या एखाद्या उंचवट्याच्या कडेला जमतात. तेथे गळ टाकावा, तोच वारा होडीला दूर ढकलतो. म्हणजे एक लक्ष गळाकडे, दुसरे होडीकडे!

ही अडचण दूर केली उपग्रहांनी. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपले स्थान निश्चित करता येते. पूर्वी अमेरिकी सरकार सामान्यांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान १०० मीटरपर्यंत चुकू शकत होते. मे २००० मध्ये ही पद्धत बंद झाली आणि अचूकता एकदम वाढली. त्यानंतर दहा वर्षांच्या आसपास जीपीएस जोडलेल्या ट्रोलिंग मोटर बाजारात आल्या.

त्यांचे काम समजायला सोपे आहे. रिमोटचे बटण दाबले की मोटर त्या क्षणीची जागा ध्यानात ठेवते. होडी थोडी सरकली की होकायंत्राच्या साहाय्याने दिशा ओळखून मोटर आपले तोंड वळवते, पंखा फिरवते आणि होडीला परत ओढून आणते. बैल गाडीच्या पुढे जुंपतात, तशीच ही मोटर पुढे बसवलेली असते. त्यामुळे बाकीची होडी वाऱ्याच्या दिशेने मागे आपोआप सरळ राहते. ठरावीक वेगाने आखलेल्या मार्गावर होडी नेण्याचे कामही ती करते.

फायदे उघड आहेत. नांगराच्या साखळीचा खडखडाट नाही, तळाची पाणवनस्पती उपटली जात नाही आणि दोन्ही हात गळासाठी मोकळे राहतात.

मात्र येथेच एक गैरसमज होतो. थांबलेली होडी पाहून आपण निर्धास्त होतो. परंतु जलवाहतुकीच्या नियमांनुसार जी होडी नांगरलेली नाही, किनाऱ्याला बांधलेली नाही किंवा तळाला रुतलेली नाही, ती 'चालती' होडीच असते. मिनेसोटात चालत्या होडीवर दहा वर्षांखालील मुलांनी लाइफ जॅकेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. होडी जागेवर उभी दिसते म्हणून नातवंडांचे जॅकेट काढून ठेवणे चूकच.

नियम बाजूला ठेवला तरी धोका खराच आहे. वारा वाढला की पाण्याखालचा पंखा कोणतीही सूचना न देता फिरू लागतो. जवळ पोहणाऱ्याला तो जखमी करू शकतो. होडी आखलेल्या मार्गावर असताना एकटा माणूस पाण्यात पडला, तर होडी त्याला मागे टाकून पुढे निघून जाऊ शकते. बॅटरी संपली की होडी गुपचूप वाहू लागते.

म्हणून होडीत बसताना काही गोष्टी पाळाव्यात. लहानथोर सर्वांनी जॅकेट घालावे. मोटर बंद करण्याचे बटण कोणते, हे होडीतल्या निदान दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावे. कुणाला पोहायचे असेल, तर आधी मोटर बंद करून पाण्याबाहेर काढावी आणि खरा नांगर टाकावा. निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना, हे पाहावे. नांगर आणि वल्ही तर घरी ठेवूच नयेत.

ही मोटर होडीची जागा राखते. होडीतल्या माणसांना राखण्याचे काम अजूनही माणसांचेच आहे.