आधी हद्द, मग कुंपण

तुकडेबंदीच्या कायद्यातून एक गुंठ्यापर्यंतच्या जमिनींना मोकळीक देण्याचा निर्णय शासनाने २०२५ च्या जुलैत विधिमंडळात जाहीर केला आणि मुद्रांकाच्या कागदावर विसंबून घर बांधलेल्या सामान्यांना दिलासा दिला, हे योग्यच झाले; परंतु जी जमीन आता कायदेशीर ठरणार, तिची हद्द कोठे संपते, हे जागेवर निश्चित करून देण्याची जबाबदारी कोणत्याही खात्याने शिरावर घेतलेली नाही, हे सर्वस्वी अनुचित आहे.

कुंपणाचे नियम नाहीत, असे नव्हे. २०२० च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने कुंपणभिंतीची उंची रस्त्याच्या मध्यरेषेपासून दीड मीटर ठरविली आहे, ती २.४ मीटरपर्यंत न्यायची, तर वरचे ०.९ मीटर बांधकाम जाळीदार हवे. आणि कोपऱ्यावरील भूखंडास दहा मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच घालता येते. वळणावरील वाहन दिसावे म्हणून इतकी दक्षता घेणाऱ्या व्यवस्थेने भिंत कोणाच्या भूमीवर आणि कोणत्या पाण्याच्या वाटेवर उभी आहे, याविषयी उदासीन राहावे, हे अक्षम्य होय.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेहतीस फुटांच्या चौरसाला चोहोबाजूंनी नऊ इंची भिंत घातली, तर सुमारे ९७ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा, भिंतीखालीच जातो. साहजिकच भिंत बाहेर सरकते. कधी शेजाऱ्याच्या बोळात, तर कधी गटारीवर. सांगलीच्या शामरावनगरासारख्या सखल गुंठेवारी वसाहतींत अशी वीतभर सरकलेली भिंत एका घराचा प्रश्न राहत नाही. ओत, म्हणजे पाण्याचे नैसर्गिक ओघळ, आणि नाले अडले की पावसाचे पाणी निघत नाही, आणि २००५, २०१९ व २०२१ चे कृष्णेचे महापूर सोसलेल्या शहरास त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. साताऱ्याच्या हद्दवाढीत आलेल्या शाहूपुरी-विलासपुरातही उतारावरून येणाऱ्या पाण्यास वाट हवीच असते. ते मिळकत पत्रिका पाहून वळत नाही.

नागरिकाने स्वखर्चाने मोजणी करून घ्यावी, हे उत्तर शासनास शोभत नाही. ज्याची ऐपत एका गुंठ्याची, त्याच्यावर मोजणी फीचा बोजा आणि तारखेची प्रतीक्षा लादणे हा अन्याय आहे. भूमिअभिलेख खात्याने नगरपालिका व महानगरपालिकेसह गुंठेवारीची गल्लीवार हद्दकायम मोजणी सरकारी खर्चाने करावी, ओत आणि नाल्यांच्या कडेला दगड रोवावेत, आणि त्या नकाशावाचून कुंपणाचा एकही परवाना देऊ नये. हद्द कायम केल्याविना दिलेला प्रत्येक परवाना हा उद्याच्या फिर्यादीचा आणि उद्याच्या तुंबलेल्या पाण्याचा पाया आहे. तो घालणे शासनाने आजच थांबवावे.