दोन फाइली, एक माणूस

कॅन्सर झालेल्या माणसाला भेटायला आपण जातो तेव्हा ‘शुगर किती आहे?’ असं सहसा कुणी विचारत नाही. कॅन्सरपुढे डायबेटिस म्हणजे किरकोळ, असं आपण धरूनच चालतो. चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना होते तेव्हाही कॅन्सरचं नाव घेतलं जातं. शुगरसाठी प्रार्थना मागितलेली मी तरी ऐकलेली नाही. माझं म्हणणं असं, की ज्याला आधीपासून मधुमेह आहे त्याच्या बाबतीत शुगर सांभाळणं हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे. तो तसा धरला जात नाही आणि त्याची किंमत आमच्या बुऱ्हाणपूरसारख्या लांबच्या गावांतले पेशंट मोजतात.

हे दोन आजार एकाच घरात, एकाच अंगात असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. सरकारने २०१० साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तेव्हा कॅन्सर, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात हे सगळे एकाच नावात घातले होते. कागदावर एकत्र असलेले हे आजार दवाखान्यात मात्र वेगळे होतात. दोन डॉक्टर, दोन फाइली, आणि मध्ये धावपळ करणारं घरचं कुणीतरी.

पेट स्कॅनचंच घ्या. त्यात ग्लुकोजसारखं एक किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी ते जास्त ओढून घेतात आणि चित्रात उजळ दिसतात. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर चित्र बिघडतं. म्हणून शुगर साधारण २०० च्या वर गेली की बरेचदा स्कॅन पुढे ढकलतात. शहरात राहणाऱ्याचा एक दिवस जातो. बुऱ्हाणपूरहून मुंबईला किंवा इंदूरला गेलेल्याचं तिकीट, राहण्याचा खर्च, सोबत आलेल्याची मजुरी, सगळंच वाया जातं. माझ्या मावशीचा स्कॅन असाच एकदा हुकला. ‘उपाशी या’ एवढंच तिला सांगितलं होतं. शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तिने त्याही घेतल्या नाहीत.

केमोच्या वेळी तर गोंधळ आणखी वाढतो. उलटी होऊ नये, औषधाची रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून स्टेरॉइड देतात, त्याने शुगर चढते. सकाळी दिलेल्या स्टेरॉइडचा परिणाम दुपारनंतर जास्त दिसतो. फक्त उपाशीपोटी तपासणाऱ्याला सकाळचा आकडा बघून सगळं ठीक वाटतं. पुढे उलट्या सुरू झाल्या, जेवण गेलं नाही, पण इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं, तर शुगर एकदम उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटतं, केमोचा थकवा आहे. त्या वेळी साखरेचं पाणी हेच औषध असतं.

त्यात सल्ले देणारे कमी नसतात. एक जण अशक्तपणावर केळी आणि मावा जिलेबी घेऊन येतो. दुसरा सांगतो, साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. तसं होत नाही. साखर खाल्ली नाही तरी शरीर दुसऱ्या अन्नातून ग्लुकोज तयार करतंच. उपाशी मरतो तो पेशंट.

कुणी म्हणेल, कॅन्सरच्या डॉक्टरांवर आधीच एवढा ताण आहे, शुगर नंतर बघता येईल. पण वाढलेल्या शुगरने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, ऑपरेशनची जखम उशिरा भरते आणि केमोची तारीख पुढे जाते. ‘नंतर’ म्हणून सोडलेलं काम शेवटी त्याच डॉक्टरांसमोर येऊन पडतं. शिवाय मी मागतोय ते नवं मशीन नाही. पहिल्या केमोच्या आधी पेशंटच्या हातात एक कागद हवा: शुगर दिवसातून कधी तपासायची, कोणत्या आकड्याला कुणाला फोन करायचा, उलट्या झाल्या तर गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं. आयुष्मान योजनेचं ५ लाखांचं कवच मुख्यतः भरती असतानाच्या उपचारांसाठी आहे. घरी रोज लागणाऱ्या ग्लुकोमीटरच्या पट्ट्याही कॅन्सरच्या पेशंटला त्यातून मिळाव्यात.

आणि आपण? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला जागतिक रुग्ण दिन दरवर्षी ११ फेब्रुवारीला असतो. त्या दिवशी प्रार्थना करूच. पण आपलं मंडळ भाषेचं आहे, तर यंदा डॉक्टरांकडून मजकूर तपासून घेऊन असा एक कागद सोप्या मराठीत आणि हिंदीत आपण लिहू या. आमच्याकडच्या पेशंटला दोन्ही लागतात. कविता पुढच्या अंकात छापता येतील.