साडेपाच परगण्यांचे आंदण : ‘अंधारयुगा’ला नळदुर्गाचे उत्तर

१/ महाराष्ट्राच्या इतिहासाची एक कालरेषा समाजमाध्यमांवर सतत फिरत असते. १३१८ साली देवगिरीच्या यादवांचा शेवट, १६३० साली शिवनेरीवर शिवजन्म, आणि मधल्या ३१२ वर्षांवर काळी पट्टी. पट्टीवर दोनच शब्द : ‘परकीय अंधारयुग’. ही पट्टी ज्यांनी ओढली, त्यांनी त्या तीन शतकांतला एकही किल्ला नीट पाहिलेला नाही, हे सिद्ध करणे अवघड नाही.

२/ त्यासाठी तुळजापूर तालुक्यातील जळकोट पुरेसे आहे (लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे जळकोट ते वेगळे). सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या या गावापासून नळदुर्ग काही किलोमीटरवर आहे. पश्चिमेला सोलापूर, पूर्वेला उमरग्यापलीकडे कल्याणी आणि बिदर. उत्तर मध्ययुगातील दख्खनच्या सत्ता ज्या पट्ट्यासाठी एकमेकींचे गळे धरत होत्या, त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर हे गाव वसले आहे.

३/ आधी एक घोटाळा दूर करायला हवा. ‘उस्मानाबाद’ हे नाव हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून पडले. त्याच्या आसफजाही घराण्याची सत्ता १७२४ ते १९४८. अहमदनगरची निजामशाही १४९० ची, आणि ती १६३६ मध्येच संपली. दोहोंत नावापलीकडे नाते नाही. तरीही ‘निजाम’ म्हणून दोघांना एकाच पोत्यात कोंबणाऱ्या चित्रफिती रोज हजारो तरुण पुढे पाठवतात. जिथे शतकेच मिसळली जातात, तिथे निष्कर्ष शुद्ध कसे निघणार?

४/ आता पट्टीखालचा इतिहास. १३४७ मध्ये दिल्लीच्या तुघलकांविरुद्ध बंड करून बहमनी राज्य उभे राहिले. राजधानी प्रथम गुलबर्गा, पंधराव्या शतकात बिदर. १४५३ मध्ये उस्मानी तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले. त्याच सुमारास इराणमधील गिलान प्रांताचा महमूद गवान हा व्यापारी दाभोळ बंदरात उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याने बिदरला मदरसा बांधला. त्याच वर्षांत रशियाच्या त्वेर शहरातील अफानासी निकितीन हा व्यापारी बिदरमध्ये फिरत होता. अंधारात जगाचा रस्ता एवढ्या गर्दीने बिदरपर्यंत कसा पोहोचला, याचे उत्तर कालरेषेत नाही.

५/ गवानापुढचा प्रश्न राज्यकारभाराचा होता. चार ‘तरफां’चे सुभेदार आपापले किल्ले बळकावून स्वतंत्र होऊ पाहत होते. त्याने चाराच्या आठ तरफा केल्या, प्रत्येक तरफदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि बाकीच्या किल्ल्यांचे किल्लेदार थेट सुलतानाकडून नेमले. या फेररचनेत सागरपासून नळदुर्गापर्यंतचा मुलूख, सोलापूरसह, दस्तूर दिनार नावाच्या हबशी सरदाराकडे गेला. आफ्रिकेतील हबसाणात मूळ असलेला माणूस नळदुर्गाचा कारभारी होता, हे नळदुर्गाच्या पंचक्रोशीत तरी किती जणांना ठाऊक आहे?

६/ गवानाचा शेवट ‘दोन धर्मांचा संघर्ष’ या सूत्रात बसत नाही. दरबारात दोन तट होते : येथे रुजलेले ‘दख्खनी’ आणि समुद्रापलीकडून आलेले ‘आफाकी’. गवानाची मोहोर असलेल्या कोऱ्या कागदावर त्याच्या विरोधकांनी ओडिशाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले. सुलतान तिसऱ्या मुहंमदाने ते खरे मानले. एप्रिल १४८१ मध्ये वजिराचे शिर उडाले. पुढच्या वर्षी सुलतानही गेला आणि बहमनी राज्याची पाच शकले होऊ लागली.

७/ या कटाचा एक सूत्रधार मलिक हसन निजाम-उल-मुल्क. त्याचा मुलगा मलिक अहमद म्हणजे अहमदनगरचा संस्थापक. इतिहासकार फरिश्ता सांगतो की हा हसन मूळचा विजयनगरच्या मुलखातून धरून आणलेला ब्राह्मण, आणि त्याच्या पूर्वजांकडे पाथरीचे कुळकर्ण होते. त्या पाथरीसाठी त्याचा नातू बुऱ्हाण निजामशहा वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढला. फरिश्ता दरबारी लेखक होता, त्याचे प्रत्येक वाक्य पारखूनच घ्यावे लागते. पण सुलतानाचे मूळ ब्राह्मण कुळात सांगणे दरबाराला अडचणीचे वाटले नाही, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

८/ विजापूरकडे पाहावे, तर संस्थापक यूसुफ आदिलखानाची पत्नी मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण. तिच्या पोटी इस्माईल आदिलशहा आणि मरियम ही मुलगी. १५२४ च्या सुमारास सोलापुरात मरियमचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला. वधूची आई मराठा, वराचा आजा जन्माने ब्राह्मण, आणि वधूबरोबर द्यावयाचे आंदण म्हणजे सोलापूर व त्याभोवतालचे साडेपाच परगणे.

९/ हे आंदण विजापूरने दिलेच नाही. बुऱ्हाणाने बिदरच्या बरीदाला आणि वऱ्हाडच्या इमादशहाला बरोबर घेऊन सोलापूरवर चाल केली आणि मार खाल्ला. पुढची अनेक दशके सोलापूर, परंडा, नळदुर्ग आणि कल्याणी हा टापू पेटत राहिला. सोळाव्या शतकाच्या मध्याला बुऱ्हाणाने सोलापूर अखेर जिंकले, ते विजयनगरच्या रामरायाची मदत घेऊन. मग १५५८ मध्ये विजापूरचा पहिला अली आदिलशहा अहमदनगरवर चालून गेला, तोही रामरायाची मदत घेऊनच.

१०/ २३ जानेवारी १५६५ च्या तालिकोटच्या लढाईला ‘दोन धर्मांचे अंतिम युद्ध’ म्हणणारे याच ठिकाणी अडखळतात. त्या युतीची बांधणीही लग्नातूनच झाली : हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि आंदण म्हणून पुन्हा तेच सोलापूर. रामराया पडला, विजयनगर लुटले गेले. पण १५८० च्या सुमारास अहमदनगर आणि गोवळकोंड्याच्या फौजा नळदुर्गालाच वेढा घालून बसल्या होत्या. किल्ला होता विजापूरचा. धर्म हेच कारण असते, तर पंधरा वर्षांत ते कारण कुठे विरून गेले?

११/ यात दख्खनचे काही जगावेगळे नाही. १४६८-६९ मध्ये डेन्मार्कच्या राजाला मुलीच्या लग्नाचा हुंडा रोख देता आला नाही, म्हणून त्याने ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे स्कॉटलंडकडे गहाण ठेवली. ती कधीच सुटली नाहीत. १४७७ मध्ये बर्गंडीच्या मेरीने मॅक्सिमिलियनशी लग्न केले आणि तिच्या वारशावरून फ्रान्स व हाब्सबुर्ग ही दोन ख्रिस्ती घराणी पिढ्यान्‌पिढ्या लढली. तिथे घराणी, वारसा आणि महसूल हे शब्द वापरायचे, आणि सोलापूर-नळदुर्गाला मात्र फक्त धर्माचे भिंग लावायचे, हा कसला न्याय?

१२/ धर्माची भाषा त्या काळी नव्हतीच, असे म्हणणे मात्र तितकेच खोटे ठरेल. तवारिखांत ‘काफर’ हा शब्द पानोपानी येतो आणि देवळे फोडल्याच्या बढाया मारलेल्या आढळतात. ही भाषा खरी होती आणि तिचे घावही खरे होते. पण विजयाचे वर्णन ज्या भाषेत केले जाते, तिच्यात युद्धाचे कारण सापडेलच असे नाही. कारण शोधायचे, तर कोणता परगणा कोणाच्या हाती गेला हे पाहावे लागते.

१३/ दुसरी टोळीही तितकीच दोषी आहे. तिला हा काळ अत्तराचा, संगीताचा आणि सलोख्याचा ‘सुवर्णकाळ’ वाटतो. नळदुर्गात बोरी नदीवरच्या धरणाच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ मध्ये, बांधलेला पाणीमहाल आजही थक्क करतो. पण तट, बुरूज आणि बंधारे बांधणाऱ्या हातांची नावे कोणत्या शिलालेखात आहेत? १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि ढिगाऱ्याखाली संत चोखामेळा गेले. किती मजूर त्यांच्याबरोबर गाडले गेले, त्यांची नावे उरली नाहीत. तेही या तीन शतकांचेच चित्र आहे.

१४/ रयतेची स्मृती म्हणूनच राजवंशांच्या यादीपेक्षा निराळी आहे. तिला १३९६ पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ आठवतो. बहमनी अमलात मंगळवेढ्याची सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडणारे दामाजीपंत आठवतात. ‘गुरुचरित्रा’त बेदरचा बादशहा नरसिंह सरस्वतींच्या दर्शनाला येतो. या कथांतले ऐतिहासिक किती, यावर वाद घालावा. पण लोकांनी राजाला त्याच्या धर्मावरून तोलले की कोठाराच्या दारावरून, हे त्या स्पष्ट सांगतात.

१५/ काळ्या पट्टीचा सर्वांत मोठा अन्याय ज्यांच्या गौरवासाठी ती ओढली जाते, त्यांच्यावरच होतो. शिवाजी महाराज शून्यातून उभे राहिले, असे म्हटले की त्यांनी सोडवलेले प्रश्नच दिसेनासे होतात. किल्ला एकाच माणसाच्या हाती राहिला तर तो फितूर होतो, हे गवानाला छळणारे दुखणे. महाराजांनी हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी नेमून किल्ल्याची सत्ता विभागली. वतनाचा लोभ, आंदणात दिलेला मुलूख, भाडोत्री निष्ठा या साऱ्यांचा दोनशे वर्षांचा अनुभव दख्खनच्या गाठीशी होता. तो पुसला, तर स्वराज्य हा केवळ चमत्कार उरतो. चमत्कारापुढे हात जोडता येतात. त्यातून शिकता काहीच येत नाही.

१६/ पावसाळ्यात नळदुर्गाच्या नर-मादी धबधब्यापाशी मोबाइल उंचावणाऱ्यांची झुंबड उडते. त्या पाण्याचे चित्रण जरूर करावे. मात्र त्या चित्रफितीवर ‘अंधारयुग’ किंवा ‘सुवर्णयुग’ हा शब्द डकवण्यापूर्वी ज्या धरणावरून ते पाणी कोसळते, ते कोणी बांधवले, कोणी बांधले आणि कोणाच्या शेतसाऱ्यातून बांधले, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत काळी पट्टी ओढण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि सोनेरी मुलामा चढवण्याचाही नाही.

(समाप्त)