संशोधनास कुलूप नको

धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ साली सुरू झाले. खाटा, अध्यापक व इमारत यांची चर्चा होणे स्वाभाविकच आहे. परंतु तेथे होणाऱ्या संशोधनाचे पुढे काय व्हावे, याचाही विचार आताच झालेला बरा.

भूम-परंड्याकडील एखादा शेतमजूर विंचू चावला म्हणून रुग्णालयात येतो. त्याची नाडी, रक्तदाब, दिलेले औषध यांची नोंद होते, आणि अशा अनेक नोंदींतून शोधनिबंध सिद्ध होतो. (बढतीसाठी निबंध लागतात म्हणूनही ते लिहिले जातात, हे उघड गुपित आहे.) अध्यापकाचे वेतन सरकारी तिजोरीतून, वेदना त्या मजुराची, आणि तोच निबंध परदेशी प्रकाशकाच्या नियतकालिकात छापून आला की वाचण्यासाठी काही हजार रुपये मोजावे लागतात! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. असे ज्ञान खेड्यातील डॉक्टराच्या हाती वेळेवर पडणे, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना स्वागतार्ह आहे. तीन वर्षांत सहा हजार कोटी रुपये खर्चून सरकारी शिक्षणसंस्थांना व संशोधनसंस्थांना हजारो नियतकालिके तिने उपलब्ध करून दिली. परंतु परंड्यात स्वतःचा दवाखाना चालविणारा डॉक्टर तिच्यात बसत नाही. उलट, निबंध सर्वांस खुला करावयाचा तर लेखकाकडूनच लाखाच्या घरात आकार मागणारी नियतकालिकेही आहेत. म्हणजे एक दार उघडावयाचे आणि दुसऱ्यावर जकात बसवावयाची!

तिसरा मार्ग मुंबईने दाखविलेला आहे. केईएम रुग्णालय व शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथील अध्यापकांच्या संस्थेने १९५५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे त्रैमासिक काढले, आणि या शतकाच्या आरंभी ते इंटरनेटवर विनामूल्य खुले केले. त्या वेळी वाचकाकडून वर्गणी नव्हती व लेखकाकडून आकारही नव्हता.

धाराशिवने लगेच नियतकालिक काढावे, असे आम्ही म्हणत नाही. तेवढे बळ आज येथे नाही. परंतु स्वीकृत निबंधाची प्रत, रुग्णाची ओळख गुप्त राखून व प्रकाशकाच्या अटी सांभाळून, ग्रंथालयाने संकेतस्थळावर ठेवणे यास फारसा खर्च येत नाही. सोबत पानभर मराठी सारांश जोडावा. महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांनी असा नियम चालू शैक्षणिक वर्षातच करावा.