बायकांना बसू द्या!

माणसे एकत्र बसली की त्या बसण्याला आपल्या भाषेत किती भारदस्त नावे आहेत! पार आहे, चावडी आहे, कट्टा आहे, अड्डा आहे, बैठक आहे, सभा आहे. चार पुरुष पारावर बसून निवडणुकीपासून बैलाच्या खुरापर्यंत वाटेल ते बोलले, तरी त्या 'चार गोष्टी' होतात. चार बायका ओसरीवर टेकल्या की त्या मात्र 'चकाट्या' पिटतात, 'कुचाळक्या' करतात आणि 'यांना दुसरा उद्योग नाही का?' असे घरातला कालचा पोरसुद्धा विचारू शकतो. बायकांच्या बसण्याला आपल्या भाषेने चांगला शब्द दिला नाही, कारण ते बसणे आपल्या समाजाला कधी मान्यच नव्हते.

माझे आजचे भांडण या अमान्यतेशी आहे. ऐन दिवाळीत भांडण उकरून काढते म्हणून वाचकांनी रागावू नये. या भांडणाला दिवाळीइतका चांगला मुहूर्त नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरादाराला तेल-उटणे लावणारी बाई स्वतः न्हाते केव्हा? सर्वांच्या शेवटी, उरलेल्या कोमट पाण्याने, आणि तेही घाईघाईने, कारण फराळाची पाने मांडायची असतात. पाडव्याला ती ओवाळते, भाऊबीजेला ती ओवाळते. त्या ओवाळणाऱ्या हाताला तेल कोण लावतो, हे ज्याचे त्याने आपापल्या घरात आठवून पाहावे.

ही माझी एकटीची कुरकुर नव्हे. केंद्र सरकारने २०२४ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८, असे तीत निघाले. जे पुरुष हातच लावत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत! मुले, आजारी माणसे आणि म्हातारी यांची उस्तवार निराळीच. इतक्या मिनिटांनंतर जी बाई बसेल ती थकून बसेल, बोलण्यासाठी कशी बसेल?

तरीही आपल्या आज्या-पणज्या बसतच होत्या. पण त्यांचे बसणे चोरीचे होते. बाईने बसायचे तर हाताला काम तरी हवे, नाहीतर देवाचे निमित्त तरी हवे! पापड लाटायला बसा, गहू निवडायला बसा, वाती वळायला बसा. मंगळागौर जागवा, हरतालिकेला जमा, भोंडल्याचा फेर धरा. नुसते बसायचे, एकमेकींच्या तोंडाकडे बघायचे आणि 'तुझे कसे चालले आहे?' असे विचारायचे, एवढ्यासाठी व्रत नव्हते आणि मुहूर्तही नव्हता.

या चोरीच्या बसण्यातूनही केवढे धन निघाले! हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे आणि सासरी सोसलेलेही आहे. जात्याला पुष्कळदा दोघी लागत. खुंट्याला दोघींचे हात, आणि समोरासमोर दोन तोंडे. एकीने दुःख म्हणायचे आणि दुसरीने त्याला हुंकार द्यायचा. जे उजेडी बोलायची सोय नव्हती ते पहाटेच्या अंधारात गाता येत असे.

आता कोणी म्हणेल, 'म्हणजे या बाईंना जाती परत हवी आहेत!' मुळीच नाही. पहाटे उठून पायलीभर दळणे ही शिक्षा होती. गिरणी आली, नळ आला, गॅस आला, हे उत्तम झाले. तक्रार आहे ती निराळीच. कष्ट गेले त्यांबरोबर समोर बसणारी ती दुसरी बाईही गेली, आणि तिच्या जागी आपण कोणालाही बसवले नाही.

याचा परिणाम काय होतो तो दुःखाच्या वेळी कळतो. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला फराळ करीत नाहीत. शेजारीपाजारी आणि आप्त ताटे भरून पाठवतात. किती मायेची रीत! माझ्या माहितीतल्या एका घरी असेच झाले. यजमान गेले त्या वर्षी दिवाळीत त्या घरी ताटांवर ताटे आली. मी जाऊन बसले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "अहो, आठ घरच्या चकल्या आल्या, पण टेकले कुणी नाही. सगळ्यांनी उंबऱ्यातूनच विचारले, 'बऱ्या आहात ना?' मी बरी आहे म्हटले की त्यांना जायला मोकळीक मिळत होती." पुढे संक्रांत आली. आळीत हळदीकुंकू झाले. ज्या घरांनी दिवाळीत ताटे पाठवली होती त्याच घरांनी या वेळी त्यांना बोलावणे पाठवले नाही. कोणी मुद्दाम दुष्टपणा केला असे नव्हे. 'त्यांनाच वाईट वाटेल' असे म्हणून सर्वांनी आपापली समजूत घातली. ज्या बाईला बायकांच्या घोळक्याची सर्वांत अधिक गरज, नेमकी तीच बाहेर! ताट पोचले, माणूस पोचले नाही.

हळदीकुंकवाच्या या रीतीला परंपरा म्हणून कवटाळणाऱ्यांना मी दुसरी एक परंपरा दाखवते. १८५२ च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ केला आणि साऱ्या जातींच्या बायकांना एकाच जाजमावर बसण्याचे निमंत्रण दिले. पुढे १८६३ साली फुले पतिपत्नींनी नाडल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले. ही परंपरा आपली नव्हे काय? मग ती आपण कोठे टाकून आलो? त्या जाजमानंतर एकशे सत्तर वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र आणि जोडवी काढू नयेत. राज्य सरकारनेही त्याच महिन्यात इतर गावांना हा कित्ता गिरवायला सांगितले. हेरवाडकरांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण ठरावाने बांगड्या शाबूत राहतील. बोलावणे कोण पाठवणार? ते तर आपल्याच हातात आहे ना?

येथे हटकून एक म्हण पुढे केली जाते: 'बाईच बाईची वैरीण.' पुरुषमंडळी ही म्हण फार आवडीने म्हणतात, कारण ती म्हटली की त्यांचे काम संपते. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की त्या सभांना जाऊ लागल्या तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनीच त्यांना छळले. खरे आहे. पण ज्यांना आयुष्यात कधी उंबरा ओलांडून बसता आले नाही, त्यांना दुसरीचे बसणे सहन कसे व्हावे? उपाशी माणसे पंगतीत भांडतात तो दोष भुकेचा असतो. आणि म्हण अपुरी आहे हे त्याच रमाबाईंनी दाखवून दिले. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले ते त्यांच्या बळावर. छळ सोसलेल्या बाईने दुसऱ्या बायकांसाठी घर उघडले, याची म्हण मात्र कोणी केली नाही.

आता आजकालच्या एका नव्या शहाणपणाकडे वळते. 'स्वतःसाठी वेळ काढा, स्वतःचे लाड करा' असा उपदेश हल्ली बाईला चहूकडून होतो. आणि उपदेश संपला की त्याखाली एखाद्या मलमाची, सुगंधी साबणाची किंवा डोंगरावरच्या दोन दिवसांच्या मनःशांतीची किंमत छापलेली असते. मला साबणाचे वैर नाही. बाईने जरूर सुगंधी साबणाने न्हावे, आणि पहिल्या पाण्याने न्हावे! पण डोंगरावरून परतल्यावर मोरीत दोन दिवसांची भांडी तशीच पडली असतील, तर ती शांती टिकायची किती? शिवाय ज्या बाईच्या हातात पैसा नाही तिने मनाचे काय करायचे? दुःख एकटीचे आहे, म्हणून त्याचा उपायही एकटीने दुकानात जाऊन आणावा, हा विचारच मला क्रूर वाटतो.

'मग बचत गट आहेत की!' असे सरकारी उत्तर तयार असते. गटांची थोरवी मला मान्य आहे. १९५९ साली गिरगावातील सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले आणि त्यातून 'लिज्जत' उभे राहिले, ही गोष्ट प्रत्येक मुलीला सांगावी अशी आहे. पण आज कितीतरी ठिकाणी गटाची बैठक म्हणजे हजेरी, हप्ता आणि सही एवढेच उरले आहे. समूहाच्या जामिनावर कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी तर कहर केला. एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्यांनी भरायचा; म्हणजे जिच्या खांद्यावर रडायचे तीच वसुलीला दारात उभी! बाईच्या मैत्रीला तारण ठेवून घेणारा हा व्यवहार सावकारीपेक्षा फारसा वेगळा नाही. हिशेबाच्या वहीआधी अर्धा तास नुसते एकमेकींचे क्षेमकुशल विचारायचे, एवढा नियम जरी प्रत्येक गटाने केला तरी पुष्कळ होईल.

आणि हे क्षेमकुशल म्हणजे भाबडेपणा नव्हे. झारखंड-ओडिशातील आदिवासी गावांत बायकांच्या मासिक बैठका भरवून बाळ-बाळंतिणींच्या प्रश्नांवर त्यांनाच विचार करायला लावण्याचा प्रयोग झाला. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात त्याचे फळ प्रसिद्ध झाले. नवजात अर्भकांचे मृत्यू घटलेच. शिवाय तिसऱ्या वर्षी मातांमधील मध्यम स्वरूपाची खिन्नता ५७ टक्क्यांनी कमी आढळली. 'तिसऱ्या वर्षी' हे शब्द लक्षात ठेवावेत. एका हळदीकुंकवाने आणि एका महिलादिनाने हे होत नाही. त्याला बसावे लागते. आपल्या शेजारी गोव्यातही खिन्नतेने ग्रासलेल्या गरोदर स्त्रियांकडे त्यांच्यासारख्याच साध्या बायका शिकवून पाठवण्यात आल्या. त्यांना 'सखी' म्हणत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सखी ज्यांच्याकडे जात त्यांच्यात सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचे प्रमाण अधिक निघाले. आजार मोठा असेल तर डॉक्टरकडे जावेच, त्यात लाज कसली? पण प्रत्येक दुःखाला डॉक्टर लागत नाही, आणि डॉक्टरकडून परतल्यावरही घरी कोणीतरी लागतेच.

मात्र माझ्या भगिनींनाही दोन शब्द सुनावल्यावाचून मला राहवत नाही. आपण बसू तेव्हा सोसायला शिकवण्यासाठी बसू नये. मार खाऊन आलेल्या बाईला 'होतं गं असं, पुरुषांचा स्वभावच तसा' असे म्हणून पाठीवरून हात फिरवणे हा आधार नव्हे. तिला पुन्हा त्याच माराला तयार करून पाठवणे आहे. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तिच्या बाजूला आहे. तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे चालत जाणारी एक बाई तिला हवी असते. एकीने सांगितलेले सतरंजीबाहेर जाता कामा नये; गेले तर 'चकाट्या' हा शब्द आपणच खरा केला म्हणून समजावे. आणि सतरंजीवर विधवा हवी, नवऱ्याने टाकलेली हवी, लग्न न केलेली हवी, आणि आपल्या घरी भांडी घासणारी बाईही हवी. तिच्यामुळे आपल्याला तासभर मिळतो. तिला तिचा तास कोण देणार?

राहता राहिले घरातले पुरुष. त्यांच्याकडे माझे मागणे अगदी थोडके आहे. यंदा भाऊबीजेला ओवाळणीचे पाकीट जरूर घालावे. पण त्याबरोबर भावाने बहिणीच्या यजमानांना बाजूला घेऊन एक गोष्ट ठरवून टाकावी: आठवड्यातली एक दुपार तिची. त्या दुपारी चहा कोण करील, म्हाताऱ्यांच्या गोळ्या कोण देईल, मुलांचा अभ्यास कोण घेईल, हे तिला विचारायचे नाही. ती कोठे गेली होती, काय बोलली, त्यातून निष्पन्न काय झाले, हेही विचारायचे नाही. पारावरून परतलेल्या पुरुषाला कधी कोणी निष्पत्ती विचारली आहे काय? आणि हेच आपल्या स्वतःच्या घरीही करावे, कारण आपली बायकोही कोणाची तरी बहीण असते.

सतरंजी घरोघर असते. लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाचे डबे भरले, पाहुणे पांगले, की ती बाहेर काढावी आणि आळीतल्या त्या एका दाराची कडी वाजवावी, जेथे यंदा नुसतीच ताटे पोचली आहेत.