हरकत न चालणारा निकाल

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा झाली की पहिली उत्तरतालिका येते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत मुले आपली उत्तरे तिच्याशी ताडून पाहतात, चार चुकांमागे एका बरोबर उत्तराचे गुण वजा करतात आणि उरलेली बेरीज कागदावर मांडतात. ती बेरीज अजून कच्ची असते. तालिकेवर हरकती घेता येतात, तज्ज्ञ त्या तपासतात, काही उत्तरे बदलतात, काही प्रश्नच रद्द होतात आणि मग अंतिम तालिका निघते. म्हणजे आपली उत्तरे चुकू शकतात, हे परीक्षा घेणारी यंत्रणाच मान्य करते. आपण मात्र त्याच संध्याकाळी गावाहून फोन करतो, "किती पडतायत?" एवढेच विचारतो, आणि कानावर पडलेल्या आकड्यावरून त्या मुलाची किंमत ठरवून मोकळे होतो. आपल्या या निवाड्यावर कोणी हरकत घेतलेली आपल्याला खपत नाही.

तो आकडा किती तकलादू असतो, हे आपण पाहिलेले आहे. 2023 ची तलाठी भरती अनेक सत्रांत झाली. सत्रागणिक प्रश्नपत्रिका वेगळी, म्हणून गुणांचे सामान्यीकरण करावे लागले आणि दोनशे गुणांच्या परीक्षेत दोनशेहून अधिक गुण मिळवणारे उमेदवार यादीत दिसले. दोन दिवस आपण हसलो. पण त्याच सूत्राने काढलेल्या अपूर्णांकांवर जे मागे पडले, त्यांना 'कमी पडले' म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. त्या भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या आणि अर्ज दहा लाखांहून अधिक आले होते. ते सगळे अर्जदार न्यायमूर्ती रानड्यांच्या बुद्धीचे असते, तरी त्यांतल्या निदान नऊ लाख पंच्याण्णव हजारांना रिकाम्या हाताने परतावेच लागले असते. हा हिशेब चौथीतल्या पोरालाही करता येईल. आपल्याला तो करायचाच नाही. जागा कमी का, भरती वर्षानुवर्षे का रखडते, असे सरकारला विचारण्यापेक्षा पोराला 'तुझंच लक्ष नव्हतं' म्हणणे सोपे पडते.

कारण सरकारी नोकरीला आपण नवा वर्ण करून ठेवले आहे. जन्माने मिळणारे श्रेष्ठत्व चुकीचे, असे सभेत बोलणारे आपणच घरी येऊन मुलीसाठी 'पर्मनंट' स्थळ शोधतो. मुलाची पोस्ट निघाली की चौकात फलक लागतो, हार पडतात आणि काल ओळख न दाखवणारे सोयरे दारात येतात. पदाप्रमाणे हुंड्याचा भाव चढतो. फक्त त्याला हुंडा म्हणत नाहीत, 'मुलीच्या हौसेनं दिलं' म्हणतात. हे लिहिणाराही त्याच पंक्तीत जेवलेला आहे. मुलींची परीक्षा तर याहून कठोर. आयोगाची वयोमर्यादा तिशीच्या पुढे जाते, पण घरची मर्यादा दोन वर्षांत संपते. तिच्या हरकतीचा निकाल लागण्याआधी साखरपुडा उरकतो आणि त्याला आपण जबाबदारीतून मोकळे होणे म्हणतो.

ज्या घरात निकाल हीच इभ्रत, तिथे निकाल विकतही घेतला जाणार. 2019-20 च्या शिक्षक पात्रता परीक्षेत गुण वाढवून दिल्याचे उघड झाले, परीक्षा परिषदेचे वरिष्ठ अधिकारी पकडले गेले आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. आपण अधिकाऱ्यांना शिव्या दिल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण असा पैसा कुणाच्या तरी शेताचा, कुणाच्या तरी डागिन्यांचा असतो. तो मोजणारे हात आपल्याच नात्यागोत्यातले असतात. 2021 मध्ये मुख्य परीक्षा पार केलेल्या पुण्याच्या एका तरुणाने मुलाखत लांबत गेल्यावर जीव दिला. तेव्हा आयोगाला जाब विचारणारे पुष्कळ निघाले. नेमणूक नाही म्हणजे तोंड दाखवायला जागा नाही, हे त्या वयाच्या पोरांना कोणी शिकवले, हा प्रश्न मात्र कोणत्याच घरात निघाला नाही.

विधवेचे केशवपन हाच धर्म मानणारा समाज याच मातीतला होता, आणि तो बदलला. निकालावरून माणसाची किंमत ठरवण्याची ही रूढी तर अजून दोन पिढ्यांचीही झालेली नाही, तीही सुटेल. सुरुवात परतलेल्या मुलापासून करता येईल. सात-आठ वर्षे घासून तिशीत गावी आलेल्या या माणसाला राज्यघटना पाठ आहे, पंचायतराज कलमांसकट ठाऊक आहे, अर्थसंकल्प वाचता येतो. गावात ग्रामपंचायतीचा जमाखर्च समजणारी माणसे शोधून सापडत नाहीत. तरीही ग्रामसभेच्या दिवशी तो घरात दार लावून बसतो, कारण बाहेर पडला तर पहिला प्रश्न 'आता पुढे काय?' हाच येणार, हे त्याला माहीत असते. पुढच्या ग्रामसभेला जाताना त्याच्या दारावर थाप मारून जमाखर्चाची वही त्याच्या हातात द्यायला कोणत्याही जाहिरातीची वाट पाहावी लागत नाही.