नाशिकला जा, पण पर्वणीच्या दिवशी नको

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचं वेळापत्रक केव्हाच जाहीर झालं आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट २०२७ ला पहिली दोन अमृतस्नानं, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला नि त्र्यंबकला १२ सप्टेंबरला, आणि ध्वज उतरणार तो थेट २४ जुलै २०२८ ला. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षांचा हा काळ. तरीही सिंहस्थाला जायचं म्हणजे पर्वणीलाच जायचं, हा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. क्रूझर ठरवायची, रात्री निघायचं, पहाटे रामकुंड गाठायचं, डुबकी मारून संध्याकाळी परतीला लागायचं, असा बेत सहसा होतो. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्यांनी, विशेषतः म्हाताऱ्या आई-वडिलांना किंवा लेकरांना बरोबर नेणाऱ्यांनी, हा बेत आताच मोडावा असं मला वाटतं. नाशिकला जरूर जावं, सिंहस्थातच जावं, पण अमृतस्नानाचे दिवस आणि त्यांच्या मागचा-पुढचा एकेक दिवस सोडून जावं.

यासाठी फार काही लागत नाही. २०२७ चं पंचांग आणि या तारखा शेजारी ठेवल्या की पुरे. २ ऑगस्टला सोमवार आहे आणि आषाढातली दिव्याची अवस. म्हणजे रविवारची सुट्टी आणि सोमवती अमावास्या एकत्र, त्यात त्याच दिवशी सूर्यग्रहणही. एरवीही त्या दिवशी गोदेवर झुंबड उडाली असती. ३१ ऑगस्टला श्रावणी अमावास्या, म्हणजे पोळा. ज्या घरी बैलजोडी आहे त्या घरच्या माणसाला आदल्या दिवशी खांदेमळणी करायची असते, दुसऱ्या दिवशी बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून वेशीपर्यंत न्यायचे असतात, पुरणपोळीचा घास भरवायचा असतो. भोकरदन-परतूरकडचा शेतकरी त्या दिवशी रामकुंडावर असेल तर दावणीला कोण असेल? तिसरं स्नान ११ सप्टेंबरला, शनिवारी, आणि तेही गणेशोत्सवात, कारण गणपती ४ तारखेला बसतात आणि अनंत चतुर्दशी १४ ला येते. गावच्या मंडळापासून मुंबई-पुण्यापर्यंत पोलिसांच्या सुट्ट्या बंद असतात तेव्हाच नाशिकचा बंदोबस्त लागणार. तिन्ही दिवस घरातल्या, शेतातल्या किंवा गावातल्या कशावर तरी येऊन आदळतात. आता मधले दिवस पाहा. श्रावण ३ ऑगस्टला लागतो. त्र्यंबकला श्रावणी सोमवारी गर्दी असतेच, आणि तिसऱ्या सोमवारी, म्हणजे २३ ऑगस्टला, ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा घालायला लोक लोटतात. १५ ऑगस्ट रविवारी आहे. १७ ला राखीपौर्णिमा. एवढे दिवस आणि शनिवार-रविवार वजा केले तरी ऑगस्टमध्ये मंगळवार ते शुक्रवार असे पंधराएक दिवस हाताशी उरतात.

प्रवासाचंही तेच. जालना ते नाशिकरोड रेल्वेने सुमारे अडीचशे किलोमीटर, मनमाडवरून. तपोवन, देवगिरी, नंदिग्राम, जनशताब्दी, वंदे भारत अशा गाड्या आहेत, पण त्यांतली एकही जालन्याहून रिकामी सुटत नाही. त्या नांदेड, हिंगोली किंवा तेलंगणाकडून भरून येतात. छत्रपती संभाजीनगर ते जालना हा रुळ अजून एकेरी आहे, त्यामुळे मनात आलं म्हणून दहा जादा गाड्या सोडता येत नाहीत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. हा नियम टिकला तर १ ऑगस्ट २०२७ च्या गाडीचं तिकीट २ जूनला सकाळी खुलेल, आणि ते मिळवायला शेजारच्या चार जिल्ह्यांतली माणसं त्याच मिनिटाला बसलेली असतील. समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन जाऊ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : रस्ता कितीही झपाट्याने नाशिकजवळ नेवो, पर्वणीला खासगी वाहन शहराबाहेरच्या वाहनतळावर थांबतं. तिथून शटल बस, आणि बस जिथे सोडेल तिथून पायी. २०१५ ला असंच होतं. नाशिकरोड स्टेशनपासून रामकुंड आठ-दहा किलोमीटर आहे. साध्या बुधवारी हे अंतर शहर बसने किंवा रिक्षाने उरकतं. पर्वणीला त्यातलं किती चालावं लागेल हे आधी कोणी सांगू शकत नाही, आणि गुडघेदुखीच्या माणसाला नेमकं तेच आधी कळायला हवं.

गर्दीचा धोका फुगवून सांगायची गरज नाही, घडलेलं आहे तेवढं पुरेसं आहे. २७ ऑगस्ट २००३ ला, शाही स्नानाच्या दिवशी, नाशिकच्या सरदार चौकातल्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन पंचवीसहून अधिक भाविक गेले. प्रयागराजला २९ जानेवारी २०२५ च्या मौनी अमावास्येला सरकारी आकड्यानुसार ३० जण गेले. त्यानंतर १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली स्टेशनवर, प्रयागकडे जाणाऱ्या गाड्यांच्या गर्दीत, १८ जणांचा जीव गेला. या शेवटच्या घटनेकडे बारकाईने पाहायला हवं. त्या दिवशी मोठं स्नान नव्हतं, प्रयागचा घाट शेकडो किलोमीटर दूर होता, फक्त शनिवारची रात्र होती. स्नानाचा दिवस टाळला पण सुट्टी धरली तर धोका घाटावरून फलाटावर सरकतो, एवढंच. म्हणून मी मंगळवार ते शुक्रवार म्हणतो, आणि म्हणूनच मनमाड-नाशिकरोडच्या जिन्यांचा विचार घाटाइतकाच करावा असं सुचवतो.

याला पहिला आक्षेप श्रद्धेचा आहे आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पर्वणीचं पुण्य इतर दिवशी कसं मिळेल? परंपरा मात्र इतकी आखूड नाही. गुरू सिंह राशीत असतो त्या सगळ्या काळात गोदास्नानाचं माहात्म्य मानलं जातं, सिंहस्थ हे नावच त्या काळाचं आहे. अमृतस्नानाच्या तारखा मुळात आखाड्यांच्या मिरवणुकीच्या आणि स्नानाच्या क्रमाच्या आहेत. त्या दिवशी घाटावर पहिला मान साधूंचा, आणि गृहस्थाची पाळी उशिरा येते. शिवाय जालना जिल्ह्याला गोदा परकी नाही. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांच्या दक्षिण कडेने तीच नदी वाहते आणि शहागडची माणसं तिला गंगाच म्हणतात. याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेले समर्थ रामदास नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहिले, रोज नदीच्या पाण्यात उभे राहून त्यांनी जप केला. त्यांची साधना रोजची होती, कुठल्या एका तारखेची नव्हती. ज्याला पर्वणीचीच ओढ आहे त्याला कोण अडवणार? पण आईला पुण्य लाभावं म्हणून तिला त्या रेट्यात नेणाऱ्या मुलाने हे सगळं आधी तिच्याशी बोलावं.

दुसरा आक्षेप मला जास्त पटणारा वाटतो. गर्दी नसलेला कुंभ पाहून काय करायचं? निशाण, हत्ती-घोडे, नगारे, भस्म फासलेले नागा साधू, हे बघायलाच तर जायचं. हे खरं आहे, आणि रिकाम्या रामकुंडावर जाऊन या असं मी म्हणतच नाही. आखाडे एका दिवसासाठी येत नाहीत. पहिल्या स्नानापासून शेवटच्या स्नानापर्यंत नाशिकच्या तपोवनातल्या साधुग्राममध्ये वैष्णव आखाडे आणि खालसे असतात, त्र्यंबकला शैव आखाडे. कीर्तनं, प्रवचनं, अन्नछत्रं, धुनीभोवती बसलेले साधू आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलायची सवड हे मधल्या दिवसांतच मिळतं. पर्वणीच्या दिवशी सामान्य माणसाला दिसतात ते बहुतेक बांबूचे कठडे आणि पुढच्याची पाठ. मिरवणूक डोळे भरून पाहायची असेल तर ती घरच्या टीव्हीवर जास्त नीट दिसते. हे कबूल करायला जड जातं, पण तसंच आहे. ऑगस्टमधल्या पावसाचाही विचार हवा. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की रामकुंडाला पूर येतो आणि दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर नाशिककर त्याचा अंदाज घेतात. ज्याने तारीख आपली आपण निवडली आहे तो दोन दिवस पुढे ढकलू शकतो. पर्वणी धरून निघालेल्याला ती मोकळीक नसते.

तिसरा आक्षेप : गर्दी सांभाळणं सरकारचं काम, लोकांनी का मागे सरावं? सरकारचं काम आहेच. पण २०१५ ने दोन्ही बाजू दाखवल्या. २९ ऑगस्टच्या पहिल्या स्नानाला बंदोबस्त इतका कडक झाला की अपेक्षेपेक्षा गर्दी फार कमी राहिली, कठड्यांमुळे नाशिककरच घरात अडकले आणि तक्रारी झाल्या. पुढच्या स्नानांना तो सैल करावा लागला. तो सिंहस्थ चेंगराचेंगरीविना पार पडला, हे यश मोठंच. मात्र सगळे एकाच दिवशी येणार असतील तर प्रशासनापुढे दोनच वाटा उरतात, आवळायचं किंवा जोखीम घ्यायची. तिसरी वाट लोकांच्या हातात आहे. आणि जालनेकरांना ही गोष्ट नवी नाही. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाणारी माणसं सोमवारी रात्रीच जालन्यातून पायी निघतात, पंचवीसएक किलोमीटर. वाटेत चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी घेऊन लोक उभे असतात, वाहनांचा रस्ता वळवलेला असतो, एसटी जादा गाड्या सोडते. अंगारकी कधी आहे हे वर्षभर आधी दिनदर्शिकेत छापलेलं असतं आणि कोणी कधी निघायचं, म्हाताऱ्यांना बसने कधी पाठवायचं, हे घराघरात ठरलेलं असतं. तेवढाच विचार नाशिकसाठी करायचा आहे.

यात एसटीचा वाटा सगळ्यात मोठा. पंचाहत्तरी पार केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, म्हणजे गावातून नाशिकला निघणाऱ्यांत वृद्ध आणि बायकाच जास्त असणार आणि त्या लाल गाडीनेच जाणार. आषाढीला चाळीस किंवा अधिक प्रवाशांनी मागणी केली तर एसटी थेट गावातून पंढरपूरला गाडी देते. हीच सोय सिंहस्थासाठी पर्वणी सोडून इतर दिवशी द्यावी, आणि तिची जाहिरात आधी करावी. शेतीचं गणितही यात बसतं. ऑगस्टमध्ये कपाशीची खुरपणी-फवारणी असते, पण पाच-सहा दिवसांची उघडीप मिळाली की एका वेळी निम्मं घर निघू शकतं. ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी माघ-फाल्गुनाचे दिवस आहेत, सिंहस्थ तेव्हाही चालू असतो. २६ जानेवारी २०२७ च्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा : गावातून कोण कोण जाणार, कोणाला कुठला मंगळवार-बुधवार सोयीचा, किती गाड्या मागायच्या. ही यादी फेब्रुवारीत आगारप्रमुखांकडे गेली तर त्यांना गाड्या आखायला सहा महिने मिळतील.